साबणाच्या वडीएवढी डबी

...नाही, पण तुम्हीच सांगा, साबणाच्या वडीएवढी एक डबी निवडायला माणसाला अडीच महिने लागावेत? अहो, लग्न ठरवायला मला इतके दिवस लागले नव्हते! बायकोला एकदा विचारलं, ती म्हणाली 'बघू', आठवड्यानं म्हणाली 'बरं', संपला विषय! घर घेतलं तेसुद्धा दोन रविवारांत. आणि ही डबी... पत्र्याची, वर तीन बटणं, खाली पायानं दाबायचा एक खटका, बास, आत अजून काय असतं ते देव जाणे, आणि तिच्यापायी माझं दुकान, माझं जेवण, माझी अब्रू... थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस डब्यांचा व्यापार करतो की काय.

व्यापार माझा चष्म्यांचा. अठरा वर्षं लोकांच्या नाकावर भिंगं ठेवून विचारतोय, "हे स्पष्ट दिसतंय, की... हे?" आणि लोक म्हणतात, "दोन्ही सारखंच." मनात म्हणायचो, काय माणसं आहेत, स्वतःचे डोळे, स्वतःला सांगता येत नाही! तुम्हाला सांगतो, कुणाला असं मनातसुद्धा म्हणू नये. फेडावं लागतं.

तर झालं काय, कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता. मी गिटारवर, ड्रमवर मास्तर. मास्तर म्हणजे आता मास्तर, गणित शिकवतो, तेव्हा गणितात नापास व्हायचा. बाकीचे दोघं एक गाणारा, एक बेसवाला. मग नोकऱ्या, मग पोरंबाळं, बँड गेला माळ्यावर. आणि बावीस वर्षांनी या मास्तरचा फोन! "अरे, वाचनालयाच्या हॉलचं छप्पर नवीन झालंय, उद्‌घाटनाला कार्यक्रम आहे, मी आपलं नाव दिलंय." म्हटलं, दिलंय? "दिलंय. आणि ते आपलं गाणं, त्यातला मधला गिटारचा तुकडा... तो तूच."

तो तुकडा. चाळीस सेकंदांचा तुकडा. त्याचं नाव काढलं आणि मला दुकानात, भर दुपारी, समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून बसलेलं असताना, घाम फुटला. कारण शेवटच्या कार्यक्रमात, बावीस वर्षांपूर्वी, तो तुकडा आला आणि... माझी वायर गेली. म्हणजे तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की वायर गेली. चाळीस सेकंद मी जमिनीवर उकिडवा बसून वायर खुडबुडत होतो आणि मास्तर एकटाच ड्रम बडवत होता. सामानच भिकार होतं आमचं. म्हणून यावेळी ठरवलं की सामान एक नंबरचं घ्यायचं!

तर सामान. एक अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा पेटारा, मिळाला, जुना, व्हॉल्व्हचा. पूर्वीच्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, चालू केलं की हळूहळू तांबूस पेटायचे, ते. वजन किती? मास्तर आणि मी तिसऱ्या मजल्यावर चढवला, तर प्रत्येक मजल्यावर त्यानं एकेक प्रमेय सांगितलं, म्हणजे दम लागला असं दिसू नये म्हणून. बायकोला कौतुकानं म्हटलं, याला ट्यूब अ‍ॅम्प म्हणतात, बटण दाबलं की लगेच वाजत नाही, मिनिटभर लागतं. ती म्हणाली, "ट्यूब उशिरा पेटते? मग घरात एक होताच की."

हसा, हसा. तर या अ‍ॅम्पचं असं असतं की आवाज मोठा केला की तो गोड फाटतो. म्हणजे कसं, एखादा गवई जीव तोडून वर गेला की त्याचा आवाज किंचित चिरतो आणि आपल्या अंगावर काटा येतो, तसं. पण त्यासाठी आवाज इतका मोठा करायला लागतो की शेजारच्या इमारतीतल्या कपबश्या नाचतात. आणि आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात हेडबाई. पस्तीस वर्षं मुख्याध्यापिका, आता निवृत्त, हातात काठी, आणि ती काठी चालायला आहे असं फक्त डॉक्टर समजतात. जिन्यात समोरून आल्या की मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस शर्टाचं बटण लावतो! तेव्हा मोठा आवाज बाद. मग करायचं काय? तर मधे एक पेडल लावायचं, ओव्हरड्राइव्हचं. ही ती डबी. पायानं दाबली की कमी आवाजातसुद्धा अ‍ॅम्प जरा चिरतो. एवढंच! एक डबी हो, साबणाच्या वडीएवढी!

गेलो वाद्यांच्या दुकानात. म्हटलं, एक ओव्हरड्राइव्ह द्या. दुकानदार असा हसला... डॉक्टर कसा हसतो, आपण स्वतःच औषधाचं नाव सांगितलं की, तसा. "कुठला देऊ सर?" म्हटलं, चांगला. म्हणाला, "चांगले सगळेच आहेत सर. तुम्हाला उबदार हवा, की उघडा?" आता आवाज उघडा म्हणजे काय, त्याला काय थंडी वाजते? "नाही सर, उघडा म्हणजे मोकळा. की पारदर्शक दाखवू?" मी काचांतला माणूस, पारदर्शक म्हटल्यावर कान टवकारले. म्हटलं, पारदर्शक म्हणजे? "म्हणजे सर, पेडल लावलंय हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही." म्हटलं, भल्या माणसा, न लावतासुद्धा कळणार नाहीच की! तर तो गंभीरपणे म्हणतो, "तोच फरक आहे सर." मग एक हिरवं काढलं. "याच्या मध्यात जरा उंचवटा आहे." मी आपलं पोट आत घेतलं.

आणि मग सुरू झालं. त्यानं मला स्टुलावर बसवलं, गिटार हातात दिली, आणि स्वतःच्या पायानं खटके दाबायला लागला. "हा बघा सर... आणि हा. पहिला, की... दुसरा?" अहो, माझंच वाक्य! माझ्याच चालीत! आणि माझ्या तोंडून काय निघालं? "दोन्ही सारखेच." कानशिलं तापली माझी. डोळ्यांसमोर अठरा वर्षांची गिऱ्हाइकं रांगेनं उभी राहिली आणि एकेक डोळा झाकून माझ्याकडे बघायला लागली.

दुकानदार भला, म्हणाला, "तीन घरी घेऊन जा, ऐका, दोन परत करा." हिरवं, पिवळं, निळं. इथंच चुकलं. एक आणलं असतं तर एकच डोकेदुखी, तीन म्हणजे... तुम्हाला सांगतो, तीन पेडलं म्हणजे फक्त तीन पर्याय नाहीत, मास्तरनं फोनवर हिशेब केला, "पिवळं आधी आणि हिरवं नंतर, हिरवं आधी आणि पिवळं नंतर, तिन्ही एकत्र, दोन एकत्र... क्रमानं धरलं तर पंधरा प्रकार, आणि बटणांच्या जागा धरल्या तर अनंत." अनंत! एका डबीपायी अनंत!

मग रोज दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा, तीन ते पाच, मी आणि अ‍ॅम्प. गाण्याची सुरुवातीची ओळ वाजवायची, थांबायचं, डबी बदलायची, परत तीच ओळ. बायको शिवणयंत्रावर बसलेली. तिला विचारायचो, हा उबदार वाटतो? ती न बघता, "हो." आणि हा? "हो." अगं, पण हा उघडा आहे! "मग लाव ना दार." सासूबाईंचा फोन आला एकदा, तर तिकडून विचारतात, "जावईबापूंची तब्येत बरी नाही का गं? मागे कोण कण्हतंय?"

एके दिवशी बायकोला म्हटलं, तू माझी परीक्षा घे. मी डोळे मिटतो, तू मागे उभी राहून पायानं हवी ती डबी दाब, मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. मिटले डोळे. वाजवलं. हं, हा पिवळा, जरा कोरडा. वाजवलं. हा निळा, घशात अडकतो. परत वाजवलं आणि... आहाहा! अंगावर काटा! ओरडलो, हा! हाच! हाच तो, अगं हाच, कुठला होता हा? मागून उत्तर येईना. डोळे उघडून बघतो तर ही बाई खिडकीशी! म्हणाली, "मी कधीच इकडे आलेय. कपडे वाळले का बघत होते."

म्हणजे कुठलीच दाबली नव्हती!

मग माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "एक विचारू? डबी कुठलीही घे. पण दोन महिने झाले, तू तो मधला तुकडा एकदाही वाजवला नाहीस." म्हटलं, आधी आवाज ठरू दे, मग तुकडा. ती नुसती बघत राहिली. अहो, माझी वायर गेली त्या दिवशी त्या हॉलमध्ये ती होती. दुसऱ्या रांगेत. तेव्हा लग्न व्हायचं होतं आमचं, आणि वायरीचं तिनंही ऐकलं होतं, आणि एका शब्दानं कधी काही विचारलं नव्हतं. मी उठलो आणि निळ्या डबीचं मधलं बटण उगाच अर्धं पेर डावीकडे फिरवलं.

त्यात अ‍ॅम्पनं गुणगुण धरली. चालू केला की नुसता 'हूं...' हुंकार भरत बसायचा. म्हणून नेला एका काकांकडे, ते अजून जुने रेडिओ दुरुस्त करतात, एवढीशी खोली, भिंतीभर उघडे पडलेले रेडिओ, काका बोलतात ते त्या रेडिओंशीच, आपण फक्त ऐकायचं. एक दिवा बदलला, गुणगुण गेली. मग मी तिन्ही डब्या टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, काका, तुम्हीच सांगा बाबा. काकांनी चष्मा... माझ्याच दुकानातला, बरं का... कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही हिची बटणं कशी लावता?" सांगितलं, की घाण, म्हणजे आवाज फाडायचं बटण, पूर्ण वर, आणि आवाजाचं कमी. काकांनी कपाळावर हात मारला, चष्मा होता तिथंच. "उलटं! उलटं करताय! डबीनं स्वतः ओरडायचं नसतं हो. डबीची घाण थोडी, आवाज पुढे, म्हणजे ती अ‍ॅम्पला मागून ढकलते. गाडी बंद पडली की आपण धक्का देतो ना? धक्का देणाऱ्यानं तोंडानं भुर्र भुर्र करून गाडी चालू होते का? चिरायचं ते अ‍ॅम्पनं! दिवे कशाला आहेत त्याच्यात, उजेडाला?" मग म्हणाले, "आणि घरात मांजरासारखा वाजवून काय कळणार? हॉलमध्ये नेऊन ऐका."

हॉल म्हटल्यावर परत घाम.

पण बटणं उलटी केली. एका मंगळवारी दुपारी, तिन्ही डब्यांवर, आणि अ‍ॅम्प काट्याच्या टोकाएवढा मोठा केला. एवढाच! परत तीच ओळ, डबी बदल, तीच ओळ. बुधवारी दाराची घंटी वाजली. दार उघडतो तर... काठी. काठीच्या मागे हेडबाई.

तुम्हाला सांगतो, मी पायानं तिन्ही डब्या सोफ्याखाली ढकलल्या. तोंडानं सुरू, बाई, चुकलं, काल जरा आवाज मोठा झाला, परत होणार नाही, उद्यापासून टॉवेल टाकतो त्याच्यावर... बाईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा. मी हाताची घडी घातली.

"पुढे काय होतं?"

म्हटलं, कशाच्या पुढे?

"अहो, दोन महिने ऐकतेय मी! रोज तीच ओळ, आणि वर चढते चढते आणि बंद! पुन्हा तीच ओळ, पुन्हा बंद! मी खाली पळी हातात धरून उभी राहते, आता पुढे जाईल, आता जाईल... दोनदा दूध उतू गेलं माझं. पुढचं येत नाही का तुम्हाला?"

आणि मला काय झालं कोण जाणे. इतक्या वर्षांत आईबापांना सांगितलं नाही, मास्तरला सांगितलं नाही, आणि त्या बाईंसमोर दारात उभा राहून सांगून टाकलं. म्हटलं, बाई, येतं. तेव्हाही येत होतं. वायर गेली नव्हती. माझे हात गेले होते. वर बघितलं, हॉल भरलेला, आणि बोटं माझी राहिलीच नाहीत, म्हणून खाली बसलो. आत शिवणयंत्राचा आवाज थांबला होता, म्हणजे बायको ऐकत होती. ऐकू दे म्हटलं.

बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या. "अस्सं. वाजवा." आत्ता? "नाही, माझ्या तेराव्याला! आत्ताच! आणि काल शेवटी जी डबी लावली होती ती लावा. आधीच्या दोघी घसा बसल्यासारख्या बोलतात. पस्तीस वर्षं बंद दाराआडून कुठला वर्ग गोंगाट करतोय ते ओळखलंय मी, मला शिकवू नका." आता काल शेवटची कुठली होती ते मला कुठं आठवतंय! आतून बायकोचा आवाज आला, "हिरवी!"

हिरवी! जी दुकानदारानं पहिल्याच दिवशी हातात दिली होती ती हिरवी! अडीच महिने, पंधरा प्रकार, अनंत वगैरे, आणि निकाल कुणी लावला? तर जिला गिटारला तारा किती हेसुद्धा ठाऊक नाही, अशा बाईंनी, स्लॅबच्या खालून! एक डबी हो, साबणाच्या वडीएवढी!

सोफ्याखालून काढली. वाजवला तुकडा. काय सांगू, पायरी चुकलेल्या माणसासारखा जिनाभर गडगडत खाली आलो. बाई म्हणाल्या, "पुन्हा." आणि मग महिनाभर रोज चार वाजता मी वर, बाई खाली. चुकलं की छतावर काठी, ठक! म्हणजे पुन्हा. चाळीस सेकंदांना एकदा तर एकोणीस ठक झाले. आधी काठीची धास्ती वाटायची, मग मोजायला लागलो, मग एक दिवस एकही ठक आला नाही, तर मीच घाबरून खाली धावलो, बाई बऱ्या आहेत ना बघायला! दार उघडून म्हणाल्या, "आज बरं होतं. जा."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी अ‍ॅम्प हॉलमध्ये नेला, चालू केला, मिनिटभर थांबलो, आवाज निम्म्यावर नेला, हिरव्यावर पाय ठेवला... अहो, काका खरं बोलत होते! घरात इतके दिवस मी डबी ऐकत होतो, अ‍ॅम्प ऐकलाच नव्हता. एकच तार छेडली आणि रिकाम्या खुर्च्या कुरकुरल्या. मास्तर ड्रमच्या मागून नुसता म्हणाला, "बापरे."

संध्याकाळी हॉल भरला. बायको दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत कडेला काठी. गाणं सुरू झालं, माझी ती दोन महिने घासलेली ओळ आली, वर चढली, चढली... आणि बोटं गार. खरं सांगतो, तशीच गार, बावीस वर्षांपूर्वी होती तशीच. वायर पायाशीच होती. खाली बसलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. मी खटका दाबला. पहिले दोन सूर बरोबर, तिसरा चुकला, चांगला ढळढळीत चुकला, आणि माझे कान आपोआप ठकची वाट बघायला लागले. ठक आला नाही. पुन्हाबिन्हा काही नव्हतं आता, पुढेच जायचं होतं. गेलो. अ‍ॅम्प मागून असा भरल्या गळ्यानं गात होता की मला कुणीतरी पाठीला हात लावून चालवतंय असं वाटत होतं. चाळीस सेकंद. संपले तेव्हा कळलं की संपले. आणि बघतो तर बायको दोन्ही हात तोंडावर धरून बसलेली, हसते की रडते काही कळेना, आणि मी डोळ्यांचा माणूस!

नंतर सामान आवरताना मास्तरला म्हटलं, ऐक, एक सांगायचंय, तेव्हा माझी वायर गेली नव्हती. तो पेचकस खिशात ठेवत म्हणाला, "माहितीय." माहितीय? "अरे, वायर नंतर मीच घरी नेली होती. वर्षभर वापरली." म्हटलं, मग बावीस वर्षं बोलला का नाहीस? तर हा गृहस्थ माझ्याकडे असा बघतो! म्हणाला, "आणि तू कधी विचारलंस का, चाळीस सेकंद मी एकट्यानं काय वाजवलं ते? आयुष्यातलं सगळ्यात भारी वाजवलं मी त्या दिवशी! घरी गेलो तर सगळे तुझ्या वायरीबद्दल बोलत होते!"

मिठी मारली. मधे ड्रम होता, तरी मारली.

आणि तेवढ्यात, तेवढ्यात हो, वाचनालयाचे चिटणीस आले हात जोडून. "अप्रतिम! समितीनं इथल्या इथं ठराव केलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण आमच्याकडे वाजवायचं!" आम्ही चौघं फुगलो. मग चिटणीस जरा खाकरले. "फक्त एक आहे... वाचनकक्षात वाजवायचंय. लोक वाचत असतात. तेव्हा ते विजेवरचं काही नको. तो मोठा पेटारा नको, आणि पायाशी ते हिरवं काय आहे, तेही नको. साधी, लाकडी गिटार आणा." आणि मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणतो, "हो! येतो की!"

आता काय करणार? लाकडी गिटार आहे घरी एक, तारा गंजल्यात. म्हणून काल संध्याकाळी दुकान बंद करून गेलो, म्हटलं पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदाराला म्हटलं, लाकडी गिटारच्या तारांचा एक संच द्या. तो हसला. म्हणाला, "ब्राँझ देऊ सर, की फॉस्फर ब्राँझ? हलक्या, मध्यम, की हलक्याहून हलक्या? आवाज कसा हवाय... उजळ, की मुरलेला?"

मी बायकोला फोन लावला. म्हटलं, "तू जेवून घे."